अंगठ्याच्या मशीनचा पाटकरी

जगात जे जे चालू आहे ते ते बंद करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, अशी माझ्या सासऱ्यांची ठाम समजूत आहे. मी त्यांना मामा म्हणतो. आमच्या भागात जावयाने सासऱ्याला मामाच म्हणायचं असतं. ते मला, लग्नाला अठरा वर्षं होऊन गेली तरी, अजून 'पावणं' म्हणतात. दिवा, पंखा, नळ, टीव्ही, गॅसची शेगडी, कुणाची तरी लांबत चाललेली गोष्ट, काहीही चालू दिसलं की मामांचा हात आपोआप पुढे होतो. माणूस खोलीतून बाहेर पडायच्या आत तिथला दिवा गेलेला असतो. पुष्कळदा माणूस आतच असतो. लग्नानंतर पहिल्यांदा निरवांगीला सासुरवाडीच्या मुक्कामाला गेलो, तेव्हा सकाळी न्हाणीत तोंडाला साबण फासून उभा होतो. आधी बल्ब गेला, मग नळाची धार बारीक होत होत बंद पडली. डोळ्यांत साबण, आणि मी भिंत चाचपत "अहो, पाणी! पाणी!" म्हणून ओरडतोय. बाहेरून अगदी शांत आवाज आला, "पावणं, दोन बादल्या झाल्या. मी मोजीत हुतो." नव्या जावयाचे कुठे कुठे केवढे लाड होतात म्हणे! मी आपला पंच्याने साबण पुसून बाहेर आलो आणि मुकाट्याने चहा प्यायलो.

यात मामांचा तसा दोष नाही. पस्तीस वर्षं ते कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे चारीवरचा, कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटावरचा, राजा. कुणाच्या शेताला किती वाजता पाणी सोडायचं आणि किती वाजता लोखंडी दार खाली टाकून ते तोडायचं, हे त्याच्या हातात. बारामती-इंदापूरकडच्या उसाच्या राज्यात असा हात ओला करायला किती लोक टपलेले असतात ते सांगायला नको. मामांच्या वाटेला गुळाच्या ढेपा आल्या, कोंबडी आली, एकदा तर एक बोकड चारीच्या कडेला बांधून मालक पळून गेला. मामांनी तो बोकड त्याच्या घरी नेऊन बांधला आणि घड्याळ बघून त्याचं दारही वेळेवर टाकलं. चहासुद्धा कुणाचा घेतला नाही. "आज च्या पितील, उद्या पाणी मागतील," एवढंच म्हणायचे. मनगटावरच्या घड्याळावर त्यांची श्रद्धा एवढी, की माझ्या लग्नातसुद्धा अक्षता पडल्यावर बँडवाल्याने चांगलं रंगात येऊन दुसरं गाणं धरलं, तर वधूपिता मांडवातून तडक उठला आणि त्याच्या क्लॅरिनेटवर हात ठेवून म्हणाला, "बास. तुमची पाळी साडेबाराला संपली." बँडवाला पंचक्रोशीत नावाजलेला होता, तरी त्याने वाद्य खाली घेतलं आणि थेट पंगतीला जाऊन बसला.

देवाच्या दारातही सुटका नाही. एकदा मोरगावला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. दीड तास रांगेत उभे होतो, गाभारा समोर दिसायला लागला होता, आणि मामांच्या कानाला कुठेतरी ठिबकणारा नळ ऐकू आला. गेले रांग सोडून! नळ घट्ट केला, खाली कुणीतरी विसरलेला तांब्या उपडा केला, आणि परत येऊन प्रामाणिकपणे रांगेच्या शेवटी उभे राहिले. आमची ही म्हणाली, "आबा, आमच्यात या ना मधे, आम्ही जागा धरलीय." तर म्हणाले, "मधी घुसनारं लई बगितल्यात मी." आम्ही दर्शन घेऊन, प्रसाद खाऊन, एक झोप काढून उठलो, तेव्हा मामा गाभाऱ्यात पोचत होते.

असा हा माणूस. आता ऐका गंमत. गेली दोन वर्षं याच माणसाने, एक वस्तू क्षणभरसुद्धा बंद पडता कामा नये म्हणून जिवाचं रान केलं. ती वस्तू म्हणजे माझ्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन.

इंदापुरात बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं सेवा केंद्र आहे. दाखले, उतारे, अर्ज, विमा, सगळं. त्यात अंगठा घ्यायचं एक मशीन आहे, साबणाच्या वडीएवढं, यूएसबीच्या वायरीने कॉम्प्युटरला जोडलेलं. तयार असलं की त्याच्या काचेखाली लाल दिवा लागतो. पण कॉम्प्युटरला बनवणाऱ्यांनी एक नसतं शहाणपण शिकवून ठेवलंय. जोडलेली वस्तू जरा वेळ कुणी वापरली नाही, की तो गुपचूप तिची वीज काढून घेतो, वाचवतो म्हणे. खरं तर अंगठा मागितला की तिने पुन्हा जागं व्हायचं असतं. माऊस होतो, कीबोर्ड होतो. आमचं मशीन मात्र एकदा झोपलं की मेल्यासारखं झोपायचं. मग मी वायर उपटायचो, परत खुपसायचो, दिवा लागायचा, काम चालू. बारा वर्षं मी हेच करत आलो होतो आणि यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मामा आठवड्यातून एकदा तालुक्याला आले की माझ्या बाकड्यावर बसायचे, आधी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद करायचे आणि मग माझी चौकशी करायचे. मशीनच्या झोपेचं कारण मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा तर ते खूशच झाले. "आपलाआपन बंद करतंय?" "हो." "कुनी न सांगता?" "हो मामा." कॉम्प्युटरकडे त्यांनी असं बघितलं, की माझ्याकडे अठरा वर्षांत तसं कधी बघितलं नाही. "शानं हाय की! मागल्या जल्मी पाटकरी असनार." पुढचे दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझ्या कॉम्प्युटरचं कौतुक सांगत होते.

मग दिवाळी झाली आणि आक्का आल्या.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, अंगाने काटकी, जिभेने तरतरीत. नवरा फौजेत होता, त्याच्यामागे तिला पेन्शन होती, आणि पेन्शन चालू राहायची तर दर वर्षी दिवाळीनंतर आपण जिवंत आहोत असं अंगठा लावून सांगावं लागतं. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. आक्कांनी उभी हयात खुरपं, शेण आणि भाकरीचं पीठ यांत घातलेली, तेव्हा अंगठ्यावर रेषा उरल्यात कुठे? हात कोमट पाण्यात भिजवला, पुसला, जरा चोळला, की मिनिटभर काहीतरी उमटतं, मग हात गार पडून थरथरायला लागतो. मामांनी सगळं व्यवस्थित केलं. फुंकर मारून अंगठा काचेवर ठेवला. आणि मशीन झोपलेलं! दिवा नाही, पडद्यावर 'मशीन तयार नाही' अशी इंग्रजी पाटी. मी वायर उपटली, घातली. तोवर अंगठा गार. पुन्हा भिजवला, तोवर मशीन गार. असं अकरा वेळा झालं.

"काय म्हनतंय रं बाळा ते?" आक्कांनी विचारलं.

मामा काच पुसत बसले. शेवटी मीच म्हणालो, "तुम्ही दिसत नाही म्हणतंय."

"म्या दिसंना व्हय त्येला? आन् हितं काय माजं भूत बसलंय?"

सगळं दुकान हसलं. मीही हसलो. मामा हसले नाहीत. चेहरा दाखवून दाखला काढायचीही सोय आहे, म्हणून मी मोबाइल आक्कांसमोर धरला. तो म्हणाला, डोळे मिचकावा. आक्कांनी डोळे मिटले आणि त्यांना झोप लागली. शेवटी कागदपत्रं फिरवून, आक्कांना खुर्चीसकट उचलून एका कचेरीत साहेबांसमोर नेऊन ठेवून ते काम झालं, पण चार महिने गेले. मधे एकदा तिथल्या खिडकीतला माणूस कागदातून मान वर न करता मामांना म्हणाला, "आमच्याकडे त्या बाई नाहीत." मामा तिथून सरळ माझ्या दुकानात आले. पंखा बंद करायचासुद्धा विसरले.

"पावणं, उद्यापास्नं मी रोज येतो. ह्ये झोपतंय कुठं, त्येवढं हुडकायचं."

"मामा, वायर काढून घातली की..."

"दार बिघडलं म्हनून कुनी कालवा उपटतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने हजर. मामांना इंग्रजी येत नाही, माऊस धरता येत नाही, पण पाणी कुठून कुठे जातं हे त्यांना कळतं, आणि वीज म्हणजे काही निराळी गोष्ट आहे हे मानायला ते तयार नव्हते. टेबलाखाली रांगून त्यांनी एकेक वायर बोटाने शेवटपर्यंत तपासली. मी कॉम्प्युटरच्या एकाच भोकातून पाच वस्तू चालतील अशी एक पट्टी लावली होती. तिला प्रिंटर, माऊस, कीबोर्ड, माझा एक चिमुकला पंखा आणि सगळ्यात शेवटी अंगठ्याचं मशीन. मामा टेबलाखालून बाहेर आले ते चिडूनच. "टेलला टाकलंय बिचाऱ्याला! वरच्या चौघांनी पानी वडल्यावर त्येला काय घंटा मिळनार?" टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक, आमच्याकडे टेलच्या शेतकऱ्याला पाणी शेवटी मिळतं, कमी मिळतं आणि बोलणी मात्र पहिली मिळतात. त्यांनी मशीनची वायर पट्टीतून काढून थेट कॉम्प्युटरला लावायला लावली. जाता जाता माझा चिमुकला पंखाही उपटून खिशात घातला. तो मला अजून मिळालेला नाही.

तेवढ्याने झोप कमी झाली, गेली नाही. मग त्यांनी मला कॉम्प्युटरच्या पोटात शिरायला लावलं. गिऱ्हाईक नसलं की, "उगडा. पुडचं उगडा. त्येच्या आत काय हाय?" कंटाळा आला, वैताग आला, एकदा तर मी रागाने "मामा, मला धंदा आहे!" असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ह्ये कशात मोडतंय?" चौथ्या दिवशी डिव्हाइस मॅनेजर नावाच्या यादीत, अगदी तळाशी, 'यूएसबी रूट हब' सापडला. त्याच्या आत पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथे एका चौकोनात बरोबरची खूण. तिच्यापुढचं वाक्य मी त्यांना मराठीत सांगितलं, "वीज वाचवण्यासाठी ही वस्तू बंद करायची कॉम्प्युटरला परवानगी द्या."

मामांनी पडद्यावरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "परवानगी दिली कुनी?"

"कुणीच नाही. ती आधीपासून दिलेलीच असते."

"आपल्याला न इचारता?"

"हो."

"काडा ती खून."

काढली. असे चार हब होते, चारही ठिकाणची काढली. मग वीज वाचवण्याच्या मुख्य पानावर यूएसबीची झोप म्हणून आणखी एक ओळ सापडली, तीही बंद केली. मशीनचा लाल दिवा लागला तो लागलाच. मामांनी घड्याळ लावून तासभर बघितला. मला वाटलं, सुटलो. कसचं काय! पंधरा दिवसांनी कॉम्प्युटरने स्वतःला अपडेट केलं आणि खूण परत हजर. मामांना याचं नवल वाटलं नाही. "वरनं हुकूम आला असनार. आमच्याबी कालव्यावर असंच व्हायचं." तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मामांची गस्त सुरू झाली. यायचं, पंखा बंद करायचा, "पावणं, खून बगा" म्हणायचं, चारही हब उघडून दाखवायला लावायचे, आणि मगच पाणी प्यायचं. पुढे पुढे माझ्या दुकानाने त्यांचं भागेना. बारामतीत माझ्या मित्राचं असंच केंद्र आहे, तिथे एक दिवस पांढरा नेहरू शर्ट, टोपी, हातात काठी अशा थाटात जाऊन म्हणाले, "खालचा हब उगडा." मित्राला वाटलं, तपासणी आली. त्याने घाईघाईने चहा मागवला. मामांनी तो परत पाठवल्यावर तर गडी खुर्ची सोडून उभाच राहिला. चहा न घेणारा साहेब त्याने आयुष्यात पहिल्यांदाच बघितला होता.

मला हसू यायचं, पण एक गोष्ट खुपायची. घरात झिरोचा बल्ब जळू न देणारा माणूस या एका दिव्यासाठी एवढा हटून का बसलाय? एकदा जेवताना मी बायकोला विचारलं. ती जरा वेळ ताटातल्या भाताशी खेळत राहिली आणि मग म्हणाली, "आत्याचं शेत आबांच्याच चारीवर होतं. टेलला."

ती लहान असतानाची गोष्ट. पाऊस नव्हता, कालव्याला पाणी कमी, पाळी लांबलेली. वरच्या लोकांनी चारी ठिकठिकाणी फोडली होती, त्यामुळे टेलला पाणी पोचायलाच उशीर झाला. आक्का एकटी वाफ्यांची दारं धरायला उभी. नवरा तिकडे सरहद्दीवर. पाणी तिच्या बांधाला लागलं, चार वाफे भिजले, आणि मामांच्या घड्याळात वेळ संपली. सख्खी बहीण. आणखी अर्धा तास दिला असता तर कुणी विचारणारंही नव्हतं. मामांनी दार टाकलं. आक्कांचा बाकीचा ऊस त्या उन्हाळ्यात जागेवर वाळला. "आत्या एक शब्द बोलली नाही गं बाई," आमची ही म्हणाली, जणू मी तिची कुणी मैत्रीणच आहे. "दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चारीवर आबांना भाकरी घेऊन आली. आबांना ती खाववेना. फडक्यात बांधून तशीच घरी आणली. आईने आम्हाला वाढली." मामांना मी इतके दिवस खुळा म्हातारा समजत होतो, याची मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आक्का अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना आणणं शक्यच नव्हतं. "ते कागुद-बिगुद राहू द्या," त्या निरोप धाडत होत्या, "पर औंदा तरी म्या त्या मशीनला दिसले पायजे." मामांनी हे असं मनावर घेतलं, की आठ दिवस आधीपासून ते रोज दुकानात. मी लॅपटॉप घेतला, त्यातले चारही हब मामांसमोर उघडले, खुणा काढल्या, मुख्य पानावरची यूएसबीची झोप बंद केली. दुकानात दिवसभर मशीन लावून ठेवलं, दिवा हलला नाही. "आता बगू कसं झोपतंय," मामा म्हणाले.

आक्कांची वस्ती निरवांगीच्या पलीकडे, चारी जिथे संपते तिथे. दुपारी बारा वाजता पडवीत त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर मी लॅपटॉप मांडला, वायर भिंतीत खुपसली, मशीन जोडलं. लाल दिवा लागला. मामांनी तांब्यात कोमट पाणी आणलं, आक्कांचा हात भिजवला, धोतराच्या सोग्याने एकेक बोट टिपलं. आणि मी त्यांचा नंबर टाकत होतो तेवढ्यात लाइट गेली. वस्तीवर दिवसाची लाइट जाणं म्हणजे काही विशेष नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, मी निवांत होतो. नेटने जरा वेळ घेतला. मी मान वर केली तेव्हा मामांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पावणं, झोपलं!"

काच काळी. "मामा, शपथेवर सांगतो, सगळं बंद केलंय!"

"दुसरं दार असंल," मामा म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "लाइट हुती तवर जागं हुतं का न्हाय? लाइट गेली आन् झोपलं. मंजी दुसरं दार हाय. बगा."

मी मुख्य पान उघडलं, यूएसबीच्या झोपेची ओळ उघडली, आणि कपाळावर हात मारून घेतला. तिथे एक नाही, दोन कप्पे होते. एक वीज जोडलेली असतानाचा, एक बॅटरीवर असतानाचा. दुकानात लॅपटॉप कायम विजेवर, म्हणून मी तेवढाच बंद केला होता. दुसरा उघडाच! बारा वर्षं या धंद्यात काढून मला जे दिसलं नाही ते चौथी शिकलेल्या माणसाने न बघता सांगितलं होतं. मी कप्पा बदलला, शेवटचं एकदा वायर उपटून घातली. या खेपेला मामांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही. दिवा लागला. मी म्हणालो, "ठेवा अंगठा!"

"थांबा. पाच मिन्टं बगू द्या."

"मामा, हात गार पडेल!"

"पडत न्हाय." आणि त्यांनी काय करावं? आक्कांचा हात उचलला आणि सरळ आपल्या काखेत धरला. एक हात काखेत बहिणीचा, दुसऱ्या हातावरच्या घड्याळावर नजर, मधूनमधून लाल दिव्यावर, असा तो पंचाहत्तरीचा माणूस खाटेच्या कडेवर ताठ बसला होता.

"आता कशाला खोळंबलायस रं?" आक्का म्हणाल्या.

"ते झोपतंय का बगतुय."

"माज्या आदी न्हाय झोपायचं ते." मग जरा हसून मला म्हणाल्या, "जावयबापू, थंडीच्या दिसांत ह्यो असाच माज्या काखंत हात घालून बसायचा. येवढासा हुता."

पाच मिनिटं झाली. दिवा जागा होता. मामांनी हात काढला, अंगठा काचेवर ठेवला, वरून आपला अंगठा अलगद दाबला. पडद्यावर चक्र फिरलं, फिरलं, आणि हिरवी खूण आली. पहिल्या झटक्यात! मी ओरडलोच, "आली! आली!"

"काय म्हनतंय?" आक्का.

"म्हनतंय, आक्का हाय," मामा म्हणाले.

"मग! म्या काय लबाड बोलत हुते?"

मामांनी त्यांचा हात सोडला नाही. खाली बघत, अडखळत म्हणाले, "आक्का... त्या साली म्या दार टाकलं..."

"ती तुजी नोकरीच हुती," आक्का म्हणाल्या. "वरच्यांची टाकायचास, मग माजं बी टाकलंस. त्येचं काय न्हाय. पर भाकरी मातर खायाची हुतीस रं. पहाटं उटून केली हुती."

मामा तोंड फिरवून बांधाकडे बघत बसले. मी लॅपटॉपची वायर गुंडाळायचं नाटक करत होतो, पण माझ्याच डोळ्यांचं काही खरं नव्हतं. कुणाच्या हातचा चहाही न घेणाऱ्या मामांनी त्या दिवशी आक्कांच्या सुनेकडून मागून घेऊन दोन भाकरी खाल्ल्या, कांदा फोडून, सावकाश, आणि एकदासुद्धा घड्याळ बघितलं नाही.

उन्हाळ्यात आक्का गेल्या. दुपारच्या झोपेतच गेल्या, कुणाला काही त्रास दिला नाही.

यंदा दिवाळी झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी मामा आले. पंखा बंद केला, बाकड्यावर बसले आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आक्कांच्या मृत्यूचा दाखला. घरच्यांनी तेव्हाच सगळीकडे कळवलं होतं, तरी एक प्रत तुमच्याकडे असू द्या म्हणाले. मी तो खणात ठेवला. रांगेत पाच-सहा म्हातारी माणसं होती, त्यांचे दाखले काढत राहिलो. दुकान रिकामं झालं तेव्हा मामा बाकड्यावरून म्हणाले, "पावणं, खून बगा."

"मामा," मी शक्य तेवढ्या हळू म्हणालो, "आता कशाला?"

"आता कशाला मंजी? टेलला कुनीतरी असतंयच की."

मी यादी उघडली. मधे एक अपडेट होऊन गेलं होतं. चारही खुणा परत आल्या होत्या. चारही काढल्या. मग न सांगता मुख्य पान उघडलं, दोन्ही कप्पे त्यांना दाखवले, विजेचा आणि बॅटरीचा. त्यांनी मान डोलावली. घड्याळ बघत पाच मिनिटं मशीनसमोर उभे राहिले. मग काठी उचलली, टोपी सारखी केली, आणि जाता जाता माझ्या डोक्यावरची ट्यूब बंद केली. मी खुर्चीतच होतो. काचेखालचा लाल दिवा तेवढा जळत होता. मी बराच वेळ ट्यूब लावली नाही.